अमेरिकेत भाड्याच्या घरात २३० व्होल्टची घरघंटी कशी चालवावी?

एडिसनची_सून
पुण्याहून जहाजाने घरसामान आलं, त्यात सासूबाईंची घरघंटी आहे. १ एचपी, २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. शिवाय ७५० वॅटचा मिक्सर. आम्ही न्यू जर्सीत भाड्याने राहतो. ड्रायरच्या मागे चार पिनांचं मोठं सॉकेट आहे, त्यात २४० व्होल्ट असतात म्हणे. ओळखीचे एक जण केबल जोडून द्यायला तयार आहेत. घ्यावी का करून?

तारयंत्री
ताई, कृपा करून नको. त्या सॉकेटचा ब्रेकर ३० अँपिअरचा. घरघंटीत दाणे अडकून मोटर थांबली, तर तिची बारीक वायर तापून वितळेपर्यंत तो पडेलच असं नाही. दुसरं म्हणजे आपल्याकडे एक फेज आणि एक न्यूट्रल असतो. इथे त्या दोन्ही तारा जिवंत, प्रत्येकी १२० व्होल्टच्या. यंत्राचं बटण एकच तार तोडणारं असेल, तर ते बंद करूनही आत वीज राहते. साफ करायला हात घातलात तर?
आणि काही इमारतींत थ्री-फेज येते, तिथे या सॉकेटला २४० नव्हे, २०८ व्होल्टच मिळतात.

एडिसनची_सून
बटणाचं माहीतच नव्हतं! मग ट्रान्सफॉर्मर घेऊ?

तारयंत्री
ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, हर्ट्झ नाही. घरघंटीची इंडक्शन मोटर इथल्या ६० हर्ट्झवर साधारण २० टक्के जास्त वेगाने फिरेल. त्यात सुरू होताना ती कितीतरी पट करंट ओढते. मी तरी ती चालवणार नाही.

भाजणीवाली
मिक्सरचं सोपं आहे. त्याची मोटर ब्रशवाली, तिला हर्ट्झचं वावडं नाही. १५०० वॅटचा, अर्थिंगची पिन असलेला स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर घ्या, थेट भिंतीत लावा, एक्स्टेन्शनवर नको. त्याच सर्किटवर तेव्हा मायक्रोवेव्ह चालवू नका. मी चार वर्षं असंच वापरलं, मग इथेच मिळणारा ११० व्होल्टचा भारतीय मिक्सर घेतला. ट्रान्सफॉर्मरचं ते धूड ओट्यावरून गेलं तेव्हा बरं वाटलं.
भाजणी मी मिक्सरमध्येच दळते. धान्यं भाजून पूर्ण गार करायची, वाटी-वाटीनेच घालायची, मिनिटभर फिरवून थांबायचं. भांडं हाताला गरम लागलं की मोटरलाही विश्रांती. चाळून उरलेली कणी पुढच्या घाण्यात.

एडिसनची_सून
केबलला नाही म्हणून कळवलं. घरघंटी पुढच्या कंटेनरने नणंदेकडे नाशिकला परत जाईल. भाजणीवाली ताई, धणे-जिरे सगळ्यांबरोबरच दळता की वेगळे?