मेणाचे चेहरे, सुगिमोतोचा प्रकाश
जपानी छायाचित्रकार हिरोशी सुगिमोतोने लंडनच्या मादाम तुसाँ संग्रहालयातल्या मेणाच्या पुतळ्यांच्या फोटोंची मालिका केली. ‘मादाम तुसाँमधले पुतळे टिपले, त्यात सुगिमोतोचं काय?’ हा प्रश्न रास्त आहे. उत्तर प्रकाशयोजनेत आहे.

१९९९च्या या मालिकेत त्याने पुतळे देखाव्यातून बाहेर काढून काळ्या पार्श्वभूमीवर ठेवले आणि ८ बाय १० इंची निगेटिव्हवर कृष्णधवल टिपले. इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याचा पुतळा तर सोळाव्या शतकातला चित्रकार होल्बाइन याच्या चित्रावरून घडवलेला. म्हणजे चित्राचा पुतळा, पुतळ्याचा फोटो. प्रिंट जवळजवळ दीड मीटर उंच, त्यामुळे वस्त्रावरच्या जरीचे धागेसुद्धा मोजता येतात.

असा फोटो स्वतः काढून बघायचा असेल तर रंगीत फोटोचा विचार आधी सोडा, कारण मेणावरचा रंगलेप तिथेच उघडा पडतो. मुख्य दिवा एकच, मोठा आणि मऊ, बाजूने थोडा वरून. समोरून फ्लॅश मारलात की मेण तेलकट चमकतं. दोन दिवे लावलेत तर काचेच्या डोळ्यांत दोन ठिपके येतात आणि नजर मरते. पुतळा हलत नाही, तेव्हा लेन्सचं छिद्र अगदी लहान, एफ/३२, ठेवून कितीही सेकंद एक्स्पोजर द्या. फक्त लांब एक्स्पोजरला फिल्मची संवेदनशीलता घटते, त्याची भरपाई म्हणून वेळ आणखी वाढवायला विसरू नका. केस जिथून रोवलेले असतात ती कपाळाची कड मात्र सावलीतच ठेवा. सुगिमोतोच्या मालिकेतली राजकन्या डायना ओळखीची वाटते, पण जिवंत? तिथे मला अजून शंका आहे.