शब्दचर्चा: ‘कलाने घेणे’ म्हणजे नेमकं काय घेणे?

पारिजातक:
मी फिजिओथेरपिस्ट आहे. इंदूरला रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर अशा भागांत घरी जाऊन ज्येष्ठांचे व्यायाम करून घेते. निम्म्या घरांत मराठी बोलते, निम्म्या घरांत हिंदी. परवा खांदा आखडलेल्या एका काकूंना म्हणाले, “कलाने घेऊ काकू, घाई नाही.” माझ्याबरोबर शिकायला येणारी मुलगी हिंदीभाषक. जिना उतरताना तिने विचारलं, “दीदी, कल से क्यों? आज क्यों नहीं?” तिला ‘कल’ म्हणजे उद्या ऐकू आलं होतं!

समजावून सांगायला गेले आणि अडकले. “उनके स्वभाव के हिसाब से” म्हणून पाहिलं, पण तेवढ्याने भागेना. “उनकी मर्ज़ी से” तर चुकीचंच, कारण काकूंच्या मर्जीवर सोडलं तर हात खांद्याच्या वर जाणारच नाही. हा ‘कल’ कुठला? आणि कलाने घेणं म्हणजे समोरच्याचं ऐकून घेणंच का? माझ्या भावाचं मत तसंच आहे. मला ते पटत नाही, पण का पटत नाही ते सांगताही येत नाही.

शब्दवेडा:
ताई, ‘कलणे’पासून सुरुवात करा. उन्हं कलतात, तराजूचं पारडं कलतं, भिंत एका अंगाला कलते. निवडणुकीच्या निकालाच्या सकाळी ‘सुरुवातीचे कल’ येतात तेही हेच. मोल्सवर्थच्या कोशातही (दुसरी आवृत्ती १८५७) कल म्हणजे झुकाव, ओढा हाच अर्थ आहे. म्हणजे मुळात ही वस्तूची स्थिती आहे, ती कुणीकडे झुकली आहे एवढंच. ‘मर्जी’त समोरच्याचा हुकूम असतो, ‘कला’त तो नसतो. कित्येकदा आपला कल कुणीकडे आहे हे ज्याचं त्यालाही ठाऊक नसतं.

‘कलणे’च्या शेजारीच ‘कलंडणे’ आहे. झुकाव हाताबाहेर गेला की वस्तू कलंडते. तुमचे बंधू म्हणतात ते मला या दुसऱ्या शब्दाच्या प्रांतातलं वाटतं.

मालवसखा:
एक किरकोळ भर. आमच्या इंदूरच्या पोरांच्या तोंडी ळ चा ल होतो. मग कुणीतरी टोकलं की ती लिहिताना जिथे नको तिथेही ळ घालतात. ‘कळाने घेणे’ असं मी दोन-तीनदा वाचलं आहे. कळ दाबायची, कळ सोसायची, कळ लावायची, पण घ्यायचं ते कलानेच.

रामबागकर:
मला या वाक्प्रचाराचा राग आहे, स्पष्टच सांगतो. आमच्या घरात ‘त्यांच्या कलाने घ्या’ हे फक्त आजोबांसाठी होतं, कारण ते तापट. आजी शांत, सोशिक. तिच्या कलाने घ्या, असं कुणी कुणाला सांगितलेलं मला आठवत नाही. तिला काय आवडतं हे आम्हाला ती गेल्यावर तिच्या बहिणीकडून कळलं. कोशातला अर्थ काहीही असो, घराघरांत याचा अर्थ ‘जो ओरडतो त्याच्यापुढे नमा’ असाच आहे.

पारिजातक:
रामबागकर दादा, तुमचं वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. वापराबद्दल तुमचं म्हणणं खरं आहे, आमच्याकडेही आई ‘कलाने घे’ म्हणते ते बाबांबद्दलच. पण माझ्या कामात मला उलटं दिसतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

एका घरी काका आहेत, बँकेतून निवृत्त, गुडघा बदललेला. त्यांना गोड बोललेलं चालत नाही. दारातच विचारतात, “काल ८५ अंश होता, आज किती?” मी कोनमापक लावते, आकडा सांगते. ते कालनिर्णयवर दुधाच्या खुणेशेजारी पेन्सिलीने तो लिहितात आणि मगच पाय पुढे करतात. त्यांचा कल ओळखायला मला पाच मिनिटं पुरली, कारण ते बोलून दाखवतात.

काकूंचं तसं नाही. भिंतीवर बोटं चालवत हात वर न्यायचा असतो. मी विचारायचे, “दुखतंय का?” त्या म्हणायच्या, “नाही गं, चालू दे.” चौथ्या दिवशी माझं लक्ष त्यांच्या दुसऱ्या हाताकडे गेलं. त्या हाताने पदराचं टोक इतकं घट्ट आवळलं होतं की बोटांची पेरं पांढरी पडली होती. मला वाईट वाटेल म्हणून त्या बोलत नव्हत्या. त्या दिवसापासून मी ‘दुखतंय का’ विचारणं सोडलं. आता विचारते, “कुठवर हलकं वाटलं?” आणि त्या भिंतीवर बोट ठेवून जागा दाखवतात. हाताचे दहा फेरे तेव्हाही होते, आजही दहाच आहेत.

म्हणून मला वाटतं, रागीट माणसासाठी हा शब्द फारसा लागतच नाही, त्याचा कल आंधळ्यालाही दिसतो. शब्दाची खरी गरज आहे ती तुमच्या आजींसारख्या भिडस्त माणसांसाठी.

मालवसखा:
‘भिडस्त’ आला तर सांगतो, ‘भीड’सुद्धा इंदुरात गोत्यात आणते. ऑफिसात मी म्हणालो, “मुझे उनसे भीड़ लगती है.” समोरचा म्हणाला, “भिया, वो तो अकेले बैठे हैं.” हिंदीत भीड़ म्हणजे गर्दी! तेव्हापासून मी ‘मुरव्वत’ सांगतो. आपल्या ‘भीडमुर्वत’ या जोडशब्दातली मुर्वत तीच आहे, त्यामुळे अर्थ बराचसा पोचतो. संकोचाचा भाग मात्र तेवढा पोचत नाही.

शब्दवेडा:
तशीच ‘मिजास’. मूळ अरबी ‘मिजाज’ म्हणजे मिश्रण. युनानी वैद्यकात शरीरातल्या रसांच्या मिश्रणावरून माणसाचा पिंड ठरवत, म्हणून मिजाज म्हणजे स्वभाव. हिंदी-उर्दूने तो अर्थ जपला, मराठीत उरली ती ऐट आणि घमेंड. त्यामुळे “उनका मिजाज देखकर बात करो” याचं मराठी ‘मिजास बघून बोल’ केलं तर भांडण व्हायचं. ‘कल बघून बोल’ हेच त्याचं मराठी. ताई, तुमच्या विद्यार्थिनीला ‘मिजाज’ सांगून पाहा.

चिंचबन:
मी मानसशास्त्र शिकवते. बोलताना माणूस नकळत समोरच्याच्या उच्चाराकडे, वेगाकडे झुकतो किंवा मुद्दाम लांब जातो, असं हॉवर्ड जाइल्स यांनी १९७० च्या दशकात मांडलं. मराठीत त्याला आम्ही ‘समायोजन’ म्हणतो आणि मुलं तो शब्द पाठ करतात. पुढच्या वर्गात पारडं आणि ‘कल’ यांच्यापासून सुरुवात करीन. एक शंका आहे: जाइल्स यांच्या मांडणीत आपण स्वतः झुकतो, तर आपल्या शब्दात कल समोरच्याचा असतो. आपण झुकायचं की नाही, याबद्दल तो शब्द काहीच सांगत नाही ना?

शब्दवेडा:
नाही सांगत. ‘घेणे’ हे क्रियापद आपल्याकडे आहे, ते काम आपलं.

रामबागकर:
पारिजातक ताई, पदराचं वाचलं. आमची आजी जेवताना ताटाची कड धरून बसायची. आम्हाला वाटायचं, सवय आहे.

पारिजातक:
दादा, आमच्या विद्यार्थिनीला आज ‘मिजाज’ सांगितला. ती म्हणाली, “तो आंटी का मिजाज हाथ में दिखता है.” वहीत तिने देवनागरीत ‘कल’ लिहिलं आहे आणि समोर तिरक्या पारड्याचं छोटं चित्र काढलंय. काकूंचं बोट आज भिंतीवरच्या खिळ्यापर्यंत पोचलं.