मदत हवी आहे : व्होकेशनल एक्स्पर्टने सांगितलेला नोकऱ्यांचा आकडा खोडायचा कसा?

नमस्कार मंडळी, आम्ही न्यू जर्सीत असतो. माझ्या मोठ्या दिरांचा सोशल सिक्युरिटी डिसॅबिलिटीचा (अपंगत्वामुळे काम न करता येणाऱ्यांना मिळणाऱ्या सरकारी भत्त्याचा) दावा जजनी नाकारला. पाठीच्या दोन शस्त्रक्रिया झाल्यात, अर्धा तासही सलग बसवत नाही त्यांना. सुनावणीत व्होकेशनल एक्स्पर्ट (अर्जदाराला कोणती कामं जमतील आणि तशी किती आहेत हे सांगणारे तज्ज्ञ) फोनवरून म्हणाले, चष्म्याच्या फ्रेम जोडण्याची बैठी कामं देशात 24,000 आहेत. हा आकडा कुठून आला? वकील नव्हता, आणि आम्हाला तेव्हा विचारायचं सुचलं नाही. त्याचीच रुखरुख लागलीय.

सरकारच्या ज्या व्यवसायकोशातून (डिक्शनरी ऑफ ऑक्युपेशनल टायटल्स) हे काम काढलं, तो 1991 नंतर सुधारलेलाच नाही. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाच्या 2019च्या बीस्टेक निकालानुसार एक्स्पर्टने खाजगी माहिती दिली नाही म्हणून साक्ष आपोआप बाद होत नाही, हे वाचलं. पण जानेवारी 2025 पासूनच्या सोशल सिक्युरिटीच्या 24-3पी नियमानुसार एक्स्पर्टने आकड्यांचा स्रोत आणि अंदाजाची पद्धत सांगणं अपेक्षित आहे ना?

जजच्या निकालाविरुद्ध अपील्स कौन्सिलकडे (सोशल सिक्युरिटीच्याच वरच्या पायरीकडे) जायला 60 दिवस असतात, त्यातले 20 गेले. जॉब ब्राउझर प्रो या नोकऱ्यांचा अंदाज देणाऱ्या सॉफ्टवेअरचे आकडे तिथे कुणी जोडलेत का? सुनावणीत हरकत घेतली नव्हती, तर आता ऐकतात का? यातला जाणकार वकील माहीत असेल तर कृपया मेसेज करा.