घाईतलं माशाचं कालवण: तुमचे अनुभव लिहा

लोकहो, काल पावणेनऊला घरी पोचले, फ्रीजमध्ये पाव किलो सोललेली कोळंबी आणि खोबरं शून्य. मग काय, तेलात भरपूर ठेचलेला लसूण, एक कांदा, एक टोमॅटो, हळद, दीड चमचा आगरी मसाला, पाणी, चार आमसुलं, खळखळून उकळी आल्यावर कोळंबी टाकली आणि पाच मिनिटांत गॅस बंद. नवरा म्हणे आज खोबरं छान वाटलंयस, मी गप्प. तुमचं घाईतलं कालवण कसं होतं, फसलेलंही चालेल.

*

फसलेलंच सांगतो. बंगळुरूला एकटा रहायचो तेव्हा पहिल्यांदा कोळंबी आणली आणि चिकनसारखी वीस मिनिटं झाकण ठेवून शिजवली. खोडरबर झालं हो. वर पाठीतला काळा दोरा काढायचा असतो हे माहीतच नाही, त्यामुळे घासाघासाला कचकच. आईला फोन केला तर म्हणाली घड्याळ कसलं बघतोस, रंग बदलून वाकडी झाली की उतरव.

*

टोमॅटो? कालवणात? असो.
आम्ही वेंगुर्ल्याचे, घाई असली की बांगड्याचं तिखलं. फोडणीच नाही. भिजवलेल्या सुक्या मिरच्या, धने, हळद आणि मूठभर खोबरं एवढंच वाटायचं, त्यात आमसुलं, मीठ, बांगड्याचे तुकडे आणि सात-आठ तिरफळं (मिरीएवढी कोकणी मसाल्याची फळं), आणि उतरवताना वरून कच्चं खोबरेल. तिरफळं फक्त ठेचायची, आतली काळी बी काढून टाकायची. मी एकदा उत्साहात वाटणातच घातली, जेवणभर जीभ बधिर. आणि आजी बाहेरूनच ओरडायची, कालथो घालू नको गो! टोप दोन्ही कानांना धरून हलवायचा, नाहीतर मासे मोडतात.

*

न्यू जर्सीहून. इथे फ्रोजन कोळंबीच. सरळ टोपात टाकली तर इतकं पाणी सुटतं की रस्सा पांचट, आधी वितळवून निथळून घ्या. आणि आधीच शिजवलेली गुलाबी मिळते ती कालवणाला घेऊच नका, दुसऱ्यांदा शिजून चामडं होतं. डब्यातलं नारळाचं दूध मी सुरुवातीलाच घालून उकळत ठेवलं होतं, फुटलं, वर तेल खाली चोथा. आता शेवटी मंद आचेवर घालते.

*

सगळे ताज्यावरच बोलताय. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते तेव्हा काय करता? आमच्याकडे सुका जवळा, म्हणजे अगदी बारीक सुकवलेली कोळंबी. कोरडाच भाजायचा, पाखडून कचरा काढायचा, धुऊन पिळून लसणाच्या फोडणीत वांग्याच्या फोडींबरोबर, आमसुलाऐवजी चिंचेचा कोळ. वीस मिनिटांत होतं पण खिडक्या उघड्या ठेवा, आमच्या वरच्या मजल्यावरून एकदा बेल वाजली होती. डबा घेऊनच उभ्या होत्या काकू.

*

धागाकर्ती परत. टोमॅटोचा गुन्हा कबूल. पण रात्रीचा उरलेला रस्सा सकाळी तांदळाच्या भाकरीबरोबर नवऱ्याने संपवला, मला वाटीला बोट लावायलाही उरलं नाही. शनिवारी बांगडे आणतेय. तिरफळं दादरला कुठे मिळतील ते सांगा कोणीतरी, आणि सुकी चालतात ना?