मानसिक आरोग्यावरच्या संशोधनाला सरकारी अनुदान: छोटी संस्था अर्ज करू शकते का?

धायरीकर_ताई:
धायरीत आमचा स्किझोफ्रेनिया असलेल्यांच्या घरच्यांचा गट दर बुधवारी जमतो. एक आजी मुलाच्या गोळ्यांच्या पाकिटावर पेनाने प्रत्येक गोळीखाली वार लिहून आणतात. अशा सहा वर्षांच्या नोंदी वह्यांत आहेत, त्यांचा नीट अभ्यास व्हायला हवा. आयसीएमआरकडे (वैद्यकीय संशोधनाची केंद्र सरकारी परिषद) अर्ज करायचा आहे. मी मानधनावर आहे, मुख्य संशोधक होता येईल का?

सदाशिवपेठी:
नाही हो ताई. मुख्य संशोधक संस्थेचा नियमित कर्मचारी लागतो. शिवाय स्वयंसेवी संस्थेला डीएसआयआरची, म्हणजे केंद्राच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन विभागाची, संशोधन संस्था म्हणून मान्यता लागते. नुसत्या ट्रस्टच्या नोंदणीवर भागत नाही. कॉलेजातल्या कायम प्राध्यापकांना मुख्य संशोधक करा, पण संस्थेचं नाव आणि तुमचं काम प्रस्तावात स्पष्ट लिहून घ्या. आमचं ते राहून गेलं, अजून सलतं.

औंधचा_डॉक्टर:
नैतिकता समितीची मंजुरीही लागेल. आणि रुग्णांशी बोलणार असाल तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम ९९ वाचाच. साध्या मुलाखतीलाही रुग्णाची स्वतःची संमती हवी, घरच्यांची सही पुरत नाही. जुन्या वह्यांतली नावं झाकायचं आतापासूनच बघा.

धायरीकर_ताई:
हे कुणी सांगितलंच नव्हतं. आजींच्या मुलाला मी स्वतः जाऊन विचारते. तो बोलतो छान, फक्त घाई करायची नाही. बुधवारी वह्या कॉलेजात दाखवते.