फरक शिकणाऱ्यालाच दिसायला हवा

लिहायला-वाचायला शिकणारे प्रौढ मधेच वर्ग सोडतात, त्यांना टिकवायचं कसं, असा प्रश्न आहे; त्यावर दोघांनी दर आठवड्याला चाचणी घ्यायचं सुचवलं आहे. चाचणीला विरोध नाही, पण गुण शिकवणाऱ्याच्याच वहीत राहिले तर शिकणाऱ्याच्या हाती काय लागतं?

पहिल्याच दिवशी प्रत्येकाकडून एक छोटा अर्ज लिहून घ्या आणि चुका न सुधारता, तारीख टाकून त्याच्याच फाईलमध्ये ठेवा. दोन महिन्यांनी जुना कागद न दाखवता तोच अर्ज पुन्हा लिहायला सांगा, मग दोन्ही शेजारी ठेवा. लाल पेन त्याच्याच हातात द्या. सुटलेल्या वेलांट्या, एकमेकांना चिकटलेले शब्द तो स्वतः शोधतो, तेव्हा 'मला काही येत नाही' हे पालुपद बरंच कमी होतं.

'समजलं का?' एवढ्यावर मात्र विसंबू नका. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ सालच्या प्रयोगात मजकूर पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना तो लक्षात राहण्याची जास्त खात्री होती; आठवड्यानंतर जास्त आठवलं ते न बघता आठवून लिहिणाऱ्यांना. म्हणून वर्ग संपताना पाच मिनिटं वही मिटून, आज काय नवं जमलं ते लिहू द्या. लिहिणं अजून जड जात असेल तर मोबाईलवर बोलून रेकॉर्ड करू द्या, तेही तारखेसकट.