केनियाला जायलोय, ५५-२५० लेन्सवर भागेल का?

नवीपेठकर
नमस्कार मंडळी. ऑगस्टमध्ये केनियाला जायलोय, मी, बायको आणि वडील, सात दिवस, मसाई मारा आणि नाकुरू. कॅमेरा कॅननचा जुना क्रॉप बॉडीवाला, म्हणजे छोट्या सेन्सरचा, त्यावर ५५-२५० ची झूम लेन्स. ऑफिसात एक जण म्हणतो १५०-६०० भाड्यानं घेतल्याशिवाय जाऊच नको, दुसरा म्हणतो मोबाईलवर काढ आणि निवांत बघ. पुण्याहून लेन्स मागवायची तर भाडं अधिक डिपॉझिट बघूनच घाम फुटला. आणि वडिलांना सिंह एकदम जवळून पाहिजे, ड्रायव्हरच्या हातावर काहीतरी टेकवलं की गाडी पार जवळ नेतो असं कुणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलंय. खरंय का हे?

माळरान
भागतंय की. क्रॉप बॉडीवर २५० म्हणजे ४०० सारखं धरा. माऱ्यात सिंह कधीकधी गाडीच्या सावलीलाच येऊन बसतात, तिथं ६०० लावली तर नुसतं नाक येईल. पक्षी आणि झाडावरचा लांबचा बिबट्या, तेवढ्याला कमी पडेल, पडू दे.

खरी गडबड लेन्सची नसतेच, उजेडाची असते. तिथं विषुववृत्त जवळ, त्यामुळे सूर्य साडेसहाच्या आसपास उगवतो आणि सरळ वर चढतो, चांगला उजेड तासा-दीड तासात खलास. म्हणून नाश्ता सोडा पण पहाटेची गाडी सोडू नका. दुपारी लांबचं काही काढायला जाल तर सगळं पाण्यात बुडाल्यासारखं हलकं हलकं येतं, ते जमिनीच्या गरम हवेनं, फोकसला शिव्या देऊ नका.

आणि पटत नसेल तर जायच्या आधी दोन रविवार आपल्या सोलापूरजवळच्या नान्नज अभयारण्यात जा. माळढोक दिसणार नाही, ती आशा सोडा, पण काळवीट आहेत ना. पळणारं काळवीट शार्प आलं की वाइल्डबीस्ट काय, गरीब गाय आहे ती. शटर स्पीड १/१००० च्या वर ठेवा, आयएसओला घाबरू नका.

नाकुरूत रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, बघायचेत म्हणून जात असाल तर एक सांगतो, तळ्याचं पाणी वाढून खारटपणा कमी झाला आणि बरेचसे रोहित बोगोरिया तळ्याकडे गेले. गेंडे मात्र आहेत. रोहितच पाहिजेत तर हिवाळ्यात उजनी आहे की आपलं!

चादरवाला
वरच्या भाऊंनी कॅमेऱ्याचं सांगितलं, मी सामानाचं सांगतो. ट्रायपॉड नेऊ नका, गाडीत उघडायला जागाच नसते. बीनबॅगचं रिकामं कव्हर न्या, तिथं तांदूळ नाहीतर राजमा घेऊन भरा, गाडीच्या छताच्या कडेवर ठेवून त्यावर लेन्स टेकवा आणि ड्रायव्हरला इंजिन बंद करायला सांगा, इंजिन चालू असलं की सगळं थरथरतं. आणि एक सोलापुरी चादर न्या, चेष्टा नाही करत, मारा दीड हजार मीटरवर आहे, ऑगस्टात पहाटे हुडहुडी भरते, आणि दिवसभर कॅमेऱ्यावर टाकली की धूळ अडते. धुळीत लेन्स बदलायची नाही म्हणजे नाही. पॅकिंगला प्लास्टिकच्या पिशव्या नकोत, २०१७ पासून तिथं बंदी आहे. प्लग चौकोनी तीन पिनांचा लागतो.

यलो फिव्हरची लस किमान दहा दिवस आधी, परत येताना इथं कार्ड मागतात. वडील साठीच्या पुढचे असतील तर आधी डॉक्टरांना विचारा, नंतर तिकीट काढा.

होटगीरोड
मी २०१९ ला गेलेले. पैसे देऊन जवळ नेण्याबद्दल बोलते, कारण आमच्या गाडीतल्या एका काकांनी तेच केलं. चित्तीण गवतातून दबकत हरणाकडे निघालेली, नियमानं पाचच गाड्या थांबायला पाहिजेत तिथं अकरा झालेल्या मी मोजल्या, आमचा ड्रायव्हर रस्ता सोडून पुढं घुसला, हरणं उधळली आणि ती बिचारी खाली बसली ती बसलीच. बरोबर पिल्लं होती हो तिची. काकांना फोटो मिळाला, पुढं मिशा, मागं दुसऱ्या गाडीचं बंपर. चित्ता दिवसा शिकार करतो म्हणून सगळ्यात जास्त त्रास त्यालाच. ड्रायव्हरला पैसे जरूर द्या पण शेवटच्या दिवशी, चांगलं चालवलं म्हणून. गेंड्याचा फोटो टाकताना लोकेशन बंद ठेवा, शिंगासाठी टपलेले लोक असतात. आणि मसाई बायका-माणसांचा फोटो विचारल्याशिवाय काढू नका, आपल्या दारात येऊन कुणी काढला तर आपण काय म्हणू?

नवीपेठकर
लै आभार सगळ्यांचे. होटगीरोड ताईंचं वडिलांना वाचून दाखवलं, ते म्हणतात "मग मला दुर्बीण घे." आता दुर्बीण कुठली घ्यावी, यावर कुणी बोलता का? आणि चादरवाले भाऊ, चादर सिंगल का डबल?

चादरवाला
डबल बे, वडील पण आहेत की बरोबर.

माळरान
दुर्बीण ८ x ४२, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची. ह्या रविवारी नान्नजला जायलोय, माझी आहे, वडिलांना घेऊन या, बघू दे त्यांना आधी.